मनी प्लांट : नुसता जगवू नये, वाढवावा

बँकेच्या कोणत्याही शाखेत डोकावून पाहावे. रोखपालाच्या खिडकीशेजारी, व्यवस्थापकांच्या टेबलावर किंवा लॉकर विभागाच्या दाराशी काचेच्या बाटलीत मनी प्लांटची एखादी फांदी पाण्यात उभी असते. तिला चार-पाच पाने असतात. गतवर्षीही तेवढीच होती आणि पुढील वर्षीही बहुधा तेवढीच असतील. कुणी तिच्याकडे मुद्दाम लक्ष देत नाही, तरी ती मरत नाही. त्यामुळे ‘याला काही करावे लागत नाही’ अशी या वेलीची ख्याती झाली आहे. ही ख्याती खरी आहे, पण अर्धीच. चालू खात्यातील रक्कम सुरक्षित असते, मात्र तिच्यावर व्याज चढत नाही, हे आपण सर्व जाणतोच. बाटलीतल्या मनी प्लांटची स्थिती तशीच असते. तो टिकतो, वाढत नाही.

जगणे आणि वाढणे यांतील हा फरक मला एखाद्या पुस्तकातून कळला नाही. तो कळला पानिपतच्या एका थंडीत, आणि थोडे नुकसान सोसून. ज्या वाचकांच्या घरी ही वेल आहे, किंवा जे ती लावू इच्छितात, त्यांना माझ्या चुकांचा उपयोग व्हावा, या हेतूने हा लेखनप्रपंच.

संक्रांतीची थंडी

काही वर्षांपूर्वी माझी बदली पुण्याहून पानिपतला झाली. हरियाणातील हे शहर दिल्लीच्या उत्तरेस सुमारे ९० किलोमीटरवर असून राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडते. चादरी, सतरंज्या, गालिचे आणि जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा कातलेले सूत यांचा येथे मोठा व्यापार चालतो. मराठी माणसाला मात्र हे नाव वेगळ्याच कारणाने लहानपणापासून ठाऊक असते.

आमच्या सामानात मनी प्लांटची एक लहान कुंडी होती. साताऱ्याचे जुने घर विकावे लागले, तेव्हा ओसरीच्या खांबाशी आईने लावलेल्या वेलीची एक फांदी मी कापून घेतली होती. त्या घरातले आमच्याकडे जिवंत असे काही उरले असेल, तर ते एवढेच. पुण्यात ती कुंडी गॅलरीच्या कठड्यावर असे आणि दर तिसऱ्या दिवशी तिला तांब्याभर पाणी मिळे. पानिपतलाही आम्ही तोच क्रम चालू ठेवला. पहिली चूक हीच.

पहिल्याच वर्षी १४ जानेवारीला आम्ही सहकुटुंब काला अंब पाहावयास गेलो. शहराबाहेर काही किलोमीटरवर हे स्थान आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी, मकरसंक्रांतीच्या सुमारास, पानिपतची तिसरी लढाई येथील मैदानात झाली. रणभूमीवरील एका आंब्याच्या झाडाचा रंग रक्ताने काळवंडला, अशी लोककथा आहे आणि त्यावरून या जागेला ‘काला अंब’ म्हणजे काळा आंबा हे नाव पडले. तो आंबा आता नाही. त्या जागी लोखंडी दांडा असलेला विटांचा स्मृतिस्तंभ कुंपणात उभा आहे. सकाळचे दहा वाजले होते, तरी धुके इतके दाट होते की कुंपणापाशी जाईपर्यंत स्तंभ दिसला नाही. हातमोज्यांतही बोटे बधिर होत होती. भाऊसाहेबांच्या सैन्याने उपासमारीबरोबर थंडीही सोसली, हे वाक्य मी शाळेत अनेकदा वाचले होते; त्याचा अर्थ त्या दिवशी कळला.

घरी परतलो आणि कुंडीकडे लक्ष गेले. आदल्या रात्री ती गच्चीच्या कठड्यावरच राहून गेली होती. पाने वाळली नव्हती. पाण्यात भिजवून ठेवल्यासारखी ती लिबलिबीत झाली होती आणि कडेकडेने काळी पडत होती. मला वाटले, पाणी कमी पडले असावे. म्हणून भरपूर पाणी घातले. ही दुसरी चूक. आठ दिवसांत खोड मुळाकडून कुजू लागले.

शेवटी वेल उपसून पाहिली, तेव्हा मधली दोन पेरे तेवढी टणक हाताला लागली. ती स्वच्छ कापून पेलाभर पाण्यात घातली आणि पेला स्वयंपाकघरात, शेगडीपासून हातभर अंतरावरच्या फळीवर ठेवला. पाणी बदलण्यापलीकडे आमच्या हाती काही नव्हते. मार्चच्या आरंभी एका पेरावर तांदळाएवढा हिरवा कोंब दिसला, तेव्हा घरात चतुर्थीला करतात तसे मोदक झाले, एवढे सांगितले म्हणजे पुरे.

आंब्यावरची वेल

पानिपतला नेमणूक असलेल्या मराठी कुटुंबाकडे पाहुणे आले, की त्यांना काला अंबला नेणे हे ओघाने येतेच. मार्चमध्ये असेच पाहुण्यांबरोबर गेलो असता परतीच्या वाटेवर एका घराशी पाणी मागण्यासाठी थांबलो. अंगणात आंब्याचे जुने झाड होते आणि त्याच्या बुंध्याला बिलगून एक वेल दहा-बारा हात वर गेली होती. तिची पाने परातीएवढी रुंद, काही पाने कडेपासून आत चिरलेली. मी यजमानीणबाईंना नाव विचारले. त्या हसून म्हणाल्या, “मनी प्लांट.” माझा विश्वास बसेना.

बाई सत्तरीच्या पुढच्या होत्या. हरियाणात अशा वडीलधाऱ्या स्त्रीला ‘ताई’ म्हणतात. तेथे ताई म्हणजे थोरल्या काकू. आम्ही महाराष्ट्रातले, हे कळताच त्यांनी खाट पुढे ओढली. त्या रोड समाजाच्या होत्या. या समाजातील अनेकजण आपल्याला पानिपतानंतर याच मुलखात राहिलेल्या मराठ्यांचे वंशज मानतात. इतिहासाच्या गोष्टी थोड्या झाल्या, वेलीच्या अधिक झाल्या. मी माझ्या कुंडीची कर्मकथा सांगितली, तेव्हा त्या बुंध्यावर हात ठेवून म्हणाल्या, “बेल नै सहारा चाहिए, बेटा. और जाड़े में पानी थोड़ा.” म्हणजे वेलीला आधार हवा आणि थंडीत पाणी बेताचे. निघताना त्यांनी तीन फांद्या कापून ओल्या फडक्यात बांधून दिल्या. पुढे जे वाचले आणि करून पाहिले, ते सारे या दोन वाक्यांचा विस्तार आहे.

वेलीचा स्वभाव

मनी प्लांटचे शास्त्रीय नाव एपिप्रेम्नम ऑरियम. ही वेल मूळची प्रशांत महासागरातील फ्रेंच पॉलिनेशियाच्या मोरेआ बेटावरची मानली जाते. १८८० साली तिचे वर्णन पोथॉस ऑरियस या नावाने झाले. नंतर वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिला वेळोवेळी वेगवेगळ्या प्रजातींत घातले आणि १९६४ मध्ये तिला आजचे नाव मिळाले. परदेशात तिला अजूनही ‘पोथॉस’ म्हणतात, ते त्या पहिल्या नावामुळे. तिचे कुळ अळू-सुरणाचे. सह्याद्रीच्या पावसाळी रानांत झाडांवर चढणारी रॅफिडोफोरा ही तिची चुलत बहीणच.

रानात ही वेल जमिनीवर सरपटत निघते, तेव्हा तिची पाने तळहाताएवढी असतात. झाडाचा बुंधा लाभला की पेरापेराशी फुटणारी हवाई मुळे सालीला घट्ट धरतात. वेल जसजशी वर चढते, तसतसे प्रत्येक नवे पान मागच्यापेक्षा मोठे होते. अनुकूल हवेत ते अर्ध्या मीटरहून लांब होते आणि कडेने चिरले जाते. तीच वेल टांगत्या कुंडीतून खाली लोंबू लागली, की पाने पुन्हा लहान होत जातात आणि दोन पानांमधले अंतर वाढते. खाली लोंबणारी वेल जणू अजून आधाराच्या शोधात असते; आपली शक्ती ती पानांत न घालता लांबीत घालते.

आधार शोधण्याची रीतही नवलाची आहे. झाडे प्रकाशाकडे वळतात, असे आपण शिकतो. परंतु १९७५ साली स्ट्राँग आणि रे या दोन अभ्यासकांनी याच कुळातील मॉन्स्टेरा वेलीच्या एका जातीविषयी वेगळीच गोष्ट दाखवून दिली. तिची कोवळी रोपे जमिनीवरून वाढताना प्रकाशाकडे न जाता सर्वांत काळोख्या दिशेकडे सरकतात. रानात काळोखी दिशा म्हणजे जाड बुंध्याची दिशा. एकदा बुंधा सापडला, की मग वर प्रकाशाकडे चढणे सुरू होते.

आणखी एक विशेष. ही वेल फुलत नाही म्हटले तरी चालेल. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून याचे कारण पुढे आले. फुलण्यासाठी लागणारे जिबरेलिन नावाचे संप्रेरक ही वेल स्वतः पुरेसे तयार करू शकत नाही. ते बाहेरून फवारले तेव्हा तिला फुले आली. फूल नाही म्हणून बी नाही, आणि बी नाही म्हणून घराघरांतली वेल फांदीपासूनच वाढत आली आहे. साताऱ्याच्या ओसरीवरची वेल आणि काला अंबच्या वाटेवरची वेल या बहुधा एकाच मूळ वेलीचे, हातोहात फिरलेले तुकडे असाव्यात.

फांदीपासून रोप

फांदीवर जेथे पान फुटते तो सांधा म्हणजे पेर. पेराशी तपकिरी रंगाचा लहान उंचवटा दिसतो. तेच भावी मूळ. नुसते पान देठासह पाण्यात ठेवले, तर त्याला कदाचित मुळे फुटतील, पण नवी वेल होणार नाही, कारण कोंब पेरातूनच येतो. म्हणून प्रत्येक तुकड्यास किमान एक पेर आणि एक पान असावे. काप पेराच्या खाली बोटभर अंतरावर, धारदार आणि स्वच्छ सुरीने घ्यावा.

तुकडे पाण्यात ठेवताना पेर बुडलेले आणि पान बाहेर असावे. उबदार दिवसांत दोन-तीन आठवड्यांत मुळे दिसतात. ती बोटभर लांब झाली, की रोप मातीत लावावे. अधिक काळ पाण्यात राहिलेली मुळे मातीत गेल्यावर रुळण्यास वेळ घेतात. एका कुंडीत एकच फांदी न लावता चार-पाच लावल्या, तर कुंडी लवकर भरलेली दिसते. महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर हा यासाठी उत्तम काळ. उत्तरेकडे मार्च आणि जुलै-ऑगस्ट हे महिने चांगले. डिसेंबर-जानेवारीत तेथे हा उद्योग करू नये.

कुंडी आणि माती

आरंभी आठ-दहा इंच तोंडाची कुंडी पुरते. तिला तळाशी छिद्र हवेच. छिद्र नसलेल्या शोभेच्या भांड्यात वेल लावावयाची असेल, तर आत छिद्राची कुंडी ठेवावी आणि साचलेले पाणी ओतून टाकावे. मातीची कुंडी बाजूंनीही श्वास घेते, त्यामुळे जास्त पाणी घालण्याची सवय असलेल्यांनी तीच निवडावी.

दोन भाग बागेची माती, एक भाग गांडूळखत किंवा चांगले कुजलेले शेणखत आणि एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा किंवा जाड वाळू, हे मिश्रण मला मानवले. मूठ आवळली असता गोळा व्हावा आणि बोट लावताच तो फुटावा, अशी माती योग्य समजावी. पानिपतच्या आमच्या भागात कूपनलिकेचे पाणी जड होते. काही महिन्यांत कुंडीच्या कडेवर पांढरा थर धरू लागे. अशा ठिकाणी दोन-तीन महिन्यांतून एकदा कुंडीत भरपूर पाणी ओतून ते खालून निथळू द्यावे, म्हणजे साठलेले क्षार धुऊन जातात. पावसाचे पाणी मिळाल्यास उत्तमच.

प्रकाश

‘सावलीतले झाड’ या शब्दाने या वेलीचे फार नुकसान केले आहे. ती काळोखात तग धरते, पण तिला आवडतो तो भरपूर, मात्र थेट उन्हाचा नसलेला प्रकाश. पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. दुपारचे ऊन पानांवर पडले, तर फिकट, जळकट डाग पडतात.

एक सोपी परीक्षा सांगतो. दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद धरून त्यावर हात आडवा धरावा. सावली ठळक आणि रेखीव पडली, तर तेथे ऊन अधिक आहे. पुसट पण ओळखू येणारी पडली, तर जागा योग्य. सावली दिसलीच नाही, तर वेल तेथे जगेल, वाढणार नाही. पानांवरचे पिवळे-पांढरे पट्टे कमी होऊन पाने नुसती हिरवी येऊ लागली, तर तोही प्रकाश अपुरा असल्याचा संकेत आहे. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्याने तो अन्न तयार करू शकत नाही. प्रकाश अपुरा असता हिरवा भाग वाढतो.

आधार

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. बाजारात ‘मॉस स्टिक’ या नावाने तयार काठ्या मिळतात. घरीही त्या सहज होतात. दोन इंच जाडीचा आणि साधारण चार फूट लांबीचा प्लास्टिकचा नळ किंवा बांबू घ्यावा. त्यावर काथ्या जाड थरात गुंडाळून सुतळीने घट्ट बांधावा. गोणपाटही चालते, पण ओलीने ते वर्षा-दीड वर्षात कुजते. काठीचा खालचा सात-आठ इंचांचा भाग कुंडीत पुरावा लागतो, म्हणून तेथे काथ्या लावू नये. काठी रोप लावतानाच उभी करावी. नंतर खोचली तर मुळे दुखावतात.

वेल काठीला बांधताना दोरा पेराजवळ, सैल आणि मऊ असावा. पानिपतच्या बाजारात पुन्हा कातलेल्या सुताची गुंडी अगदी स्वस्त मिळे. ते सूत या कामासाठी फार उपयोगी पडले. पेराच्या उंचवट्याची बाजू काठीकडे येईल, अशी फांदी वळवावी. पान किंवा देठ कधीही बांधू नये.

येथे बहुतेकांची एक चूक होते. काठी लावली जाते, पण कोरडी राहते. कोरड्या काथ्यात हवाई मुळे शिरत नाहीत. मग वेल काठीला केवळ बांधलेली असते, चढलेली नसते. म्हणून कुंडीत पाणी घालताना थोडे काठीवरून ओतावे आणि उन्हाळ्यात रोज एकदा तिच्यावर फवारा मारावा. मुळांनी काथ्या एकदा पकडला, की पुढची चार-सहा पाने पाहावी. प्रत्येक पान मागच्याहून मोठे दिसेल. घरातल्या कुंडीत परातीएवढे पान येणार नाही. परंतु तळहाताएवढ्याचे ताटलीएवढे निश्चित होते.

वेल काठीच्या टोकाशी पोहोचली, की ती खाली सोडू नये. वरचा हातभर शेंडा कापून त्याच्या फांद्या त्याच कुंडीत लावाव्यात. कापलेल्या जागेखालून नवे फुटवे येतात आणि वेल भरदार होते. ज्यांना लोंबणारी वेल आवडते, त्यांनी ती अवश्य टांगावी. तीही सुंदर दिसते. फक्त तिच्याकडून मोठ्या पानांची अपेक्षा ठेवू नये.

पाणी आणि ऋतुमान

वेल थंडीने मरते त्याहून अधिक वेळा थंडीतल्या पाण्याने मरते. वार ठरवून पाणी घालण्याऐवजी बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घालून पाहावे. माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे, आणि द्यावे तेव्हा खालून निथळेपर्यंत द्यावे. पानिपतच्या हवेत आमचा वर्षाचा क्रम पुढीलप्रमाणे बसला.

फेब्रुवारीअखेर ते मार्च : कुंडी बदलणे, छाटणी, नवी रोपे. खत देण्यास आरंभ.

एप्रिल ते जून : पारा ४२ ते ४५ अंशांवर जातो आणि ‘लू’ म्हणजे उष्ण वारे वाहतात. कुंडी घरात, कूलरच्या थेट झोतापासून दूर. पाणी बहुधा दिवसाआड, फवारा रोज. या काळात खत थांबवावे.

जुलै ते सप्टेंबर : वाढीचा खरा हंगाम. महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : राजधानी क्षेत्रात हवेत धूळ-धूर दाटतो आणि पानांवर थर बसतो. आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पाने पुसावीत. पान पुसणे हा दिखाव्याचा भाग नाही. धुळीच्या थरातून प्रकाश आत पोहोचत नाही.

डिसेंबर-जानेवारी : किमान तापमान चार-पाच अंशांपर्यंत उतरते. या वेलीस १० अंशांखालची हवा सोसत नाही. कुंडी घरात, रात्री खिडकीच्या काचेपासून दूर आणि हीटरपासूनही दूर. पाणी दहा-बारा दिवसांतून एकदा, दुपारी, गार नसलेले. खत मुळीच नाही. पान वाढत नाही म्हणून काळजी करू नये; वेल झोपलेली असते.

महाराष्ट्रातील वाचकांनी आपल्या हवेप्रमाणे यात फेरफार करावा. कोकणात थंडीची चिंता नाही, पण पावसाळ्यात मुळे कुजण्याची आहे. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्याचे नियम पानिपतसारखेच पाळावेत. पुणे-नाशिककडील थंडीत पाणी निम्मे केले, तरी पुरते.

वेलीची भाषा

खालचे एखादे जुने पान पिवळे पडणे स्वाभाविक आहे. एकाच वेळी अनेक पाने पिवळी पडली, तर पाणी जास्त होत आहे. पाने मऊ पडून खाली झुकली आणि माती कोरडी असेल, तर पाणी हवे आहे. माती ओली असूनही झुकली, तर मुळे कुजत आहेत. टोके तपकिरी होणे हे कोरड्या हवेचे किंवा क्षारांचे लक्षण. दोन पानांतले अंतर फार वाढले, तर प्रकाश कमी आहे.

कीड सहसा लागत नाही. लागलीच तर पानाच्या बगलेत कापसासारखा पांढरा पुंजका दिसतो. तो पिठ्या ढेकूण. स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो पुसून काढावा आणि कुंडी काही दिवस इतर झाडांपासून वेगळी ठेवावी.

काही समज, काही सावधगिरी

‘मनी प्लांट चोरून आणला तरच वाढतो’, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. मी ताईंना हे सांगितले, तेव्हा त्या म्हणाल्या, “मागितल्यावर देतोच आहोत, मग चोरी कशाला?” फांदी कशी मिळाली याच्याशी मुळांना कर्तव्य नसते. वेल लावल्याने घरात पैसा येतो, या समजाविषयी बँकेच्या मासिकात अधिक काय लिहावे? त्यासाठी आवर्ती ठेव आहे.

हवा शुद्ध होते, हा समज मात्र गंभीरपणे पाहावा लागतो, कारण त्यावर विसंबून कुणी दम्याच्या रुग्णाच्या काळजीत ढिलाई करू शकेल. १९८९ मध्ये नासाच्या एका अभ्यासात बंद पेट्यांमध्ये ठेवलेल्या झाडांनी काही वायुरूप प्रदूषके कमी केल्याचे दिसले. त्या झाडांत आपली ही वेलही होती. परंतु घर म्हणजे बंद पेटी नव्हे. २०१९ मध्ये अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी अशा अनेक प्रयोगांचा पुन्हा हिशेब मांडला. दारे-खिडक्यांतून हवा खेळल्याने जेवढा परिणाम होतो, तेवढा झाडांकडून हवा असेल, तर दर चौरस मीटर जागेत १० ते १००० झाडे लागतील, असा त्यांचा निष्कर्ष निघाला. तेव्हा वेल डोळ्यांना आणि मनाला विसावा देते, म्हणून लावावी. औषध किंवा यंत्र म्हणून नव्हे.

ही वेल पूर्णतः निर्धोकही नाही. अळूचे कच्चे पान चावले तर घसा खवखवतो, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तेच स्फटिक मनी प्लांटमध्येही आहेत. रांगते मूल, मांजर किंवा कुत्रा घरात असेल, तर लोंबणाऱ्या फांद्या त्यांच्या तोंडी येणार नाहीत, अशा बेताने ठेवाव्यात. मुलाने पान चघळल्यास तोंड स्वच्छ धुऊन डॉक्टरांना विचारावे. छाटणीनंतर हातही धुवावेत.

शेवटची सावधगिरी शाखांमधल्या बाटल्यांविषयी. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून बाटलीतले पाणी आठवड्यातून एकदा न चुकता बदलावे आणि बाटली आतून घासून धुवावी. शाखेत हे काम कोणाचे, ते ठरवून द्यावे. सर्वांचे काम ते कुणाचेच नसते, हा अनुभव आपल्याला नवा नाही.

संक्रांतीचे वाण

साताऱ्याच्या वेलीची वाचलेली पेरे आणि ताईंनी दिलेल्या तीन फांद्या आम्ही एकाच कुंडीत, एकाच काठीशी लावल्या. आरंभी कोणती कुठली, हे लक्षात ठेवण्यासाठी साताऱ्याच्या फांदीला लाल सूत बांधले होते. पुढल्या थंडीत कुंडी दिवाणखान्याच्या आतल्या भिंतीशी राहिली, पाणी बेताचे मिळाले आणि एकही पान काळे पडले नाही. त्या १४ जानेवारीला आम्ही पुन्हा काला अंबला गेलो, येताना ताईंकडे तिळगूळ दिला.

आता आम्ही पुण्यास परत आलो आहोत. काठी दोनदा बदलावी लागली, आणि एका बदलाच्या वेळी लाल सूत कुठे गळून पडले, ते कळले नाही. साताऱ्याची वेल कोणती आणि पानिपतची कोणती, हे आता सांगता येत नाही. सौभाग्यवती दरवर्षी ऑगस्टमध्ये छाटणीच्या फांद्या लहान लहान कुंड्यांत लावते. जानेवारीपर्यंत त्यांना तीन-चार नवी पाने येतात आणि संक्रांतीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या प्रत्येकीला वाण म्हणून एक कुंडी मिळते. कुंडीबरोबर एक चिठ्ठी असते. तिच्यावर दोनच ओळी असतात : वेलीला आधार द्यावा. थंडीत पाणी बेताचे घालावे.